मुंबई ते टोकियो : जाताना किती तास, येताना किती?

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी जानेवारीत नोकरीसाठी टोकियोला चाललीय, मुंबईहून थेट विमान आहे. तिकिटावर जाताना रात्री ८ ला सुटून सकाळी ७.३० ला पोचतं असं लिहिलंय म्हणजे साडेअकरा तास, आणि येतानाच्या तिकिटावर सकाळी ११ ला निघून संध्याकाळी ५.३० ला मुंबई, म्हणजे साडेसहाच! वाट तीच, मग एवढा फरक कसा? घरात सगळे म्हणतात पृथ्वी फिरते म्हणून. खरंच तसं आहे का, आणि अंतर नक्की किती?
एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात, घोळ तिथंच होतो. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं. म्हणून जाताना साडेअकरातून साडेतीन वजा करा, आठ तास राहिले. येताना साडेसहात साडेतीन मिळवा, दहा होतात. म्हणजे तिकीट बघून वाटतं त्याच्या बरोब्बर उलटं आहे, जास्त वेळ येतानाच लागतो.

अंतर सरळ मोजलं तर साधारण ६,८०० किलोमीटर, विमानाची खरी वाट त्याहून थोडी जास्त भरते.

आता पृथ्वीचं. पृथ्वी फिरते तेव्हा भोवतालची हवाही तिच्याबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं, त्यामुळं टोकियो काही आपणहून जवळ सरकत येत नाही. खरं कारण वारा. जमिनीपासून ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात सायबेरियाकडची कडक थंडी न् दक्षिणेकडची ऊब यातला फरक वाढतो म्हणून जपानवर तो फारच जोरात असतो, ताशी २०० किलोमीटरच्या वर तर सहज जातो. पंचगंगेला पाणी वाढलं की ओढीबरोबर पोहणारा झपझप पुढं जातो आणि उलटा येणारा तेवढेच हात मारून जागच्या जागी राहतो, तसंच हे, टोकियोला जाताना वारा पाठीशी, येताना समोरून. ही ओढ सगळ्या वाटेवर सारखी नसते, चीन-जपानच्या बाजूला जास्त. उन्हाळ्यात वारा मंदावतो आणि उत्तरेला सरकतो, तेव्हा जाण्यायेण्यातला फरक कमी होतो.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. हा वारा जपानच्याच वासाबुरो ओइशी या हवामानतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात टोकियोजवळून फुगे सोडून मोजला होता, पण त्यांनी ते एस्पेरांतो या मुद्दाम तयार केलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापलं आणि बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. एवढं मोठं काम, फार हळहळ वाटते.

कोल्हापूरहून आदल्या रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली तर मुंबईत सकाळी पोचाल, रात्रीच्या विमानाला दिवसभर हाताशी राहतो. त्याच दिवशी सकाळी गाडीनं निघायचा विचार नको, पावणेचारशे किलोमीटर आहे आणि घाटात अडकलात तर काय करणार? विमानतळावर तीन तास आधी पाहिजे. कांदा-लसूण मसाला मोठ्या बॅगेत घट्ट पॅक करून द्या, पण मटणाचं लोणचं, सुकं मटण असलं काही देऊ नका, जपानमध्ये मांसाचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत.

आणि ती तिथं साडेसातला उतरेल तेव्हा आपल्याकडं पहाटेचे चार वाजलेले असतील, तपासणी न् सामान होईपर्यंत तासभर जातो, म्हणून फोनची वाट पाच वाजता बघा, तोवर झोप काढा.