बर्थचं नियोजन: सॉल्व्हरच्या आधीचं काम

प्रिय मित्रा,

सॉल्व्हर (गणिताने आराखडा शोधणारं सॉफ्टवेअर) कोणता घ्यावा, हा तुझा प्रश्न सध्या बाजूला ठेव. बर्थचा आराखडा, म्हणजे कोणतं जहाज धक्क्यावर कुठे आणि कधी लावायचं हे, बहुतेक वेळा सॉल्व्हरमुळे फसत नाही. जहाज धक्क्यावर किती तास राहणार, हा आकडा चुकीचा भरलेला असतो म्हणून फसतो.

आधी कागद घे. आडव्या अक्षावर धक्क्याची लांबी, उभ्या अक्षावर वेळ. प्रत्येक जहाज म्हणजे एक आयत, आणि दोन आयत एकमेकांवर चढता कामा नयेत. धक्क्याचे ठरावीक तुकडे पाडू नकोस. न्हावा शेव्याच्या एपीएम टर्मिनल्सचा धक्का 712 मीटरचा आहे. त्याचे दोन समान बर्थ केलेस तर प्रत्येकी 356 मीटर, म्हणजे 366 मीटरचं जहाज तुझ्या मॉडेलमध्ये कुठेच बसणार नाही. प्रत्यक्षात ते आणि 260 मीटरचं दुसरं, मध्ये 37 मीटर मोकळे सोडून, दोन्ही लागतात आणि टोकांना दोर बांधायलाही जागा उरते. (जहाजांमधलं अंतर ढोबळपणे मोठ्याच्या लांबीच्या 10 टक्के धर, तुमच्या बंदराचा नियम वेगळा असेल तर तोच.)

आयताची रुंदी म्हणजे जहाजाची लांबी, ती सोपी. खरी मेख उंचीत, म्हणजे तासांत. समज, 2400 मूव्ह (डब्यांची चढ-उतार), 4 क्रेन, प्रत्येकीचे ताशी 25. भागाकार सांगतो 24 तास. पण एकाच रुळावरच्या क्रेन एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, आणि अगदी शेजारच्या दोन बेंवर (जहाजावरच्या डब्यांच्या आडव्या पट्ट्यांवर) एकाच वेळी कामही करू शकत नाहीत. जहाजाच्या एका पट्ट्यात 800 मूव्ह साचले आणि तिथे एकच क्रेन मावत असेल, तर त्या क्रेनलाच 32 तास लागतात. बाकी तिघी आधी मोकळ्या झाल्या तरी जहाज तिथेच उभं. म्हणून स्टोवेज प्लॅन (कोणता डबा जहाजात कुठे, याचा नकाशा) हाती आला की जिला सर्वांत जास्त वेळ लागेल त्या क्रेनचे तास काढ, सरासरी नको. हॅच कव्हर (जहाजाच्या पोटावरची झाकणं) उचलणं-ठेवणं त्यात मोज. दोर बांधल्यापासून पहिला डबा उचलेपर्यंतचा आणि शेवटच्या डब्यापासून निघेपर्यंतचा वेळ जुन्या नोंदींतून घेऊन वेगळा जोड.

मग भरती. खोल बसलेलं जहाज भरतीच्या पाण्यावरच आत-बाहेर करणार असेल, तर काम संपायला तासभर उशीर झाला तरी पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं धक्का अडतो. उधाणाला (मोठ्या भरतीला) चालणारा ड्राफ्ट, म्हणजे जहाजाची पाण्याखालची खोली, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत चालेलच असं नाही, तेव्हा प्रत्येक भरतीची उंची तक्त्यातून घे.

उद्दिष्ट ठरवताना नुसती एकूण प्रतीक्षा कमी करू नकोस. तसं केलंस की गणित थोड्या कामाची जहाजं पुढे काढतं आणि मोठी नांगरावर ठेवतं. ठरलेल्या विंडोत (राखून दिलेल्या वेळेत) आलेल्या जहाजाच्या उशिराला जास्त वजन दे. जागा बदलण्यालाही दंड लाव. निर्यातीचे डबे ठरल्या जागेसमोरच्या यार्डात रचून झाल्यावर जहाज 300 मीटर सरकवलंस, तर ट्रेलरची प्रत्येक फेरी लांबते, क्रेन ट्रेलरची वाट पाहते, आणि आयताची उंचीही वाढते. जागा आणि धक्क्यावरचे तास मॉडेलमध्ये सुटे ठेवणं ही नेहमीची चूक आहे.

आता सॉल्व्हर. 'आधी-नंतर' आणि 'डावीकडे-उजवीकडे' यांच्या द्विमान (0 किंवा 1 होणाऱ्या) चलांना अट लागू-रद्द करायला जो मोठा स्थिरांक लागतो, तो दहा लाख टाकू नकोस. वेळेसाठी नियोजनाचा कालावधी आणि जागेसाठी धक्क्याची लांबी पुरते. वेळ अर्ध्या तासाच्या टप्प्यांत आणि जागा बोलार्डागणिक (दोर बांधायच्या खुंटांगणिक) मोज, मीटर-मिनिटांचा हट्ट नको. आगमनाच्या क्रमाने एक साधा आराखडा आधी लाव आणि तो सुरुवातीचं उत्तर म्हणून दे. नवी आगमनवेळ आली की पुन्हा चालव, पण पुढचे 24 तास गोठवलेले असू देत. पायलट, टग (ओढबोटी), गँग (कामगारांच्या टोळ्या) यांची बोलावणी झालेली असतात.

तपासणी गेल्या तीन महिन्यांच्या नोंदींवर कर. त्यात जहाज प्रत्यक्ष कधी आलं ती वेळ आधीच देऊ नकोस. त्या-त्या दिवशी एजंटने कळवलेलीच वेळ दे, आणि आराखडा किती वेळा मोडावा लागला ते मोज. तो आकडा पाठव, मग उद्दिष्टातल्या वजनांवर बोलू.

अनेक आशीर्वाद.