ट्रकचालक व्हायचे असल्यास प्रशिक्षण कोठे घ्यावे?

अवजड मालवाहू वाहन चालवण्याचा व्यवसाय पत्करायचा असेल, तर खासगी प्रशिक्षण शाळेत शुल्क भरून शिकावे, वाहतूक कंपनीच्या खर्चाने शिकावे, की अनुभवी चालकाबरोबर मदतनीस म्हणून राहून शिकावे, असे तुम्ही विचारले आहे. मी १६ वर्षे लांब पल्ल्याचे ट्रेलर चालवले आणि आता नव्या चालकांना शिकवतो. माझ्या मते संस्थेच्या प्रकारापेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत: स्टिअरिंग प्रत्यक्ष तुमच्या हातात किती तास राहणार, आणि परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने तुमच्या शेजारी कोण बसणार.

खासगी शाळेचा लाभ असा की तुम्ही कोणाशीही बांधले जात नाही. मात्र शाळा सांगते ते तास बहुधा वर्गाचे आणि केबिनमध्ये बसण्याचे मिळून असतात. एका गाडीवर चार विद्यार्थी असतील, तर दोन तासांच्या फेरीत तुमच्या वाट्याला अर्धाच तास येतो. म्हणून एका गाडीमागे किती विद्यार्थी असतात, सराव केवळ मैदानात होतो की वाहत्या रस्त्यावरही, आणि गाडी कधी भरलेली असते का, हे स्पष्ट विचारावे. तुलनेसाठी सांगतो, युरोपीय संघाच्या नियमांत अभ्यासक्रमाच्या मार्गाने पात्रता मिळवणाऱ्यासाठी पूर्ण प्रशिक्षण २८० तासांचे आणि जलद प्रशिक्षण १४० तासांचे आहे. त्यांत प्रत्येकाने स्वतः गाडी चालवण्याचे किमान तास अनुक्रमे २० आणि १० आहेत. अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना नोंदणीकृत संस्थेतूनच प्रशिक्षण घ्यावे लागते, पण तेथील संघराज्य नियमात तासांची किमान संख्या नाही. विद्यार्थ्याला काम जमले आहे की नाही, हे प्रशिक्षक ठरवतो. तेव्हा ‘इतक्या आठवड्यांत परवाना’ या जाहिरातीवरून तुम्हाला किती शिकवले जाणार, हे कळत नाही. आणखी एक गोष्ट: अनेक देशांत स्वयंचलित गिअरच्या गाडीवर परीक्षा दिल्यास परवान्यावर तशी मर्यादा लागते, म्हणून पुढे कोणत्या गाड्या चालवायच्या आहेत याचा विचार आधीच करावा.

कंपनीच्या खर्चाने शिकताना करारपत्र शांतपणे वाचावे. मी स्वतः असाच शिकलो. ठरलेली मुदत पूर्ण होण्यापूर्वी, आठव्या महिन्यात, घरच्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागली आणि प्रशिक्षणाचा संपूर्ण खर्च परत करावा लागला, कारण केलेल्या कामाच्या प्रमाणात रक्कम कमी होईल असे कलम करारात नव्हते आणि मी ते पाहिलेही नव्हते. असे कलम लेखी मागून घ्यावे. तरीही नव्या माणसाला हा मार्ग मी पुष्कळदा सुचवतो, कारण चांगल्या कंपनीत परवान्यानंतरही काही महिने प्रशिक्षक गाडीवर असतो. मात्र तो जागा असतो का, हे जरूर विचारावे. प्रशिक्षक मागे झोपला आहे आणि शिकाऊ चालक रात्रभर एकटा गाडी हाकतो आहे, अशी व्यवस्था असेल तर ती दोन चालकांची वाहतूक झाली. तिला प्रशिक्षण म्हणता येणार नाही.

मदतनीस म्हणून राहिल्याने माल बांधणे, ताडपत्री घालणे, टायर तपासणे, कागदपत्रे सांभाळणे हे सारे हाताखालून जाते आणि व्यवसायाची खरी ओळख होते. पण गुरूच्या वाईट सवयीही त्याबरोबर येतात. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे ही त्यांतील सर्वांत घातक सवय आहे. भरलेल्या गाडीचा वेग तेव्हा केवळ ब्रेकवर रोखला जातो, ब्रेक सतत दाबल्याने तापतात, तापल्यावर त्यांची पकड कमी होते, आणि तोवर वेग इतका वाढलेला असतो की खालचा गिअर पडत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनाला गाडी धरू द्यायची, हे ज्या प्रशिक्षणात प्रत्यक्ष उतारावर शिकवले जात नाही, ते मी अपुरेच मानतो. एअर ब्रेकचेही तसेच आहे. पेडल दाबल्यावर हवा चाकांपर्यंत पोहोचायला सुमारे अर्धा सेकंद जातो. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच ती सुमारे १२ मीटर पुढे गेलेली असते. अर्धवट भरलेल्या टँकरमध्ये तर गाडी थांबत असताना आतील द्रव पुढे आदळून तिला पुन्हा ढकलतो. म्हणून टँकर किंवा धोकादायक माल वाहायचा असेल, तर त्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे आणि तेही काही काळ साध्या मालाचा अनुभव घेतल्यानंतरच.

शुल्क भरण्यापूर्वी किंवा करारावर सही करण्यापूर्वी एक सकाळ त्या संस्थेच्या मैदानात उभे राहून पाहावे. गाडी हलवण्याआधी विद्यार्थी टायर, हवेचा दाब आणि ट्रेलरची जोडणी स्वतः तपासतात का, आणि ट्रेलर मागे घेताना शंका आली की गाडी थांबवून, खाली उतरून मागे पाहतात का, एवढे पाहावे. जिथे उतरून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला प्रशिक्षक घाई करतो, तिथे शुल्क कितीही कमी असले तरी नाव नोंदवू नये.