डोअर लॉकचा फॉल्ट शोधताना

लिफ्टच्या सगळ्या मजल्यांच्या दारांचे लॉक-कॉन्टॅक्ट, म्हणजे दार लॉक झालं की जुळणारे स्विच, एकाच सिरीजमध्ये (एकामागोमाग एक जोडलेले) असतात. एक जरी उघडा राहिला तरी लिफ्ट हलत नाही. फॉल्ट शोधायला नवीन मुलं सरळ जंपर, म्हणजे कॉन्टॅक्टला बगल देणारी वायर, मारतात. ते करू नकोस. जंपर काढायचा राहिला, तर दार उघडं असतानाही केबिन चालू पडते. मीटर घे, एकेका टर्मिनलवर व्होल्टेज बघत जा. कुठे तुटतंय ते सापडतंच.

बऱ्याचदा कॉन्टॅक्टची पट्टी काळी पडलेली असते, नाहीतर उंबऱ्याच्या खाचेत खडा अडकून दार पुरतं मिटलेलं नसतं. पट्टी नुसती घासून भागत नाही. लॉकचा हूक किमान ७ मिमी आत गेल्यावरच कॉन्टॅक्ट जुळायला हवा. आधीच जुळत असेल तर लॉक पुन्हा सेट कर. केबिनच्या छतावर मात्र स्टॉप दाबून, इन्स्पेक्शनवर (लिफ्ट फक्त छतावरच्या बटणांनी हळू चालते तो मोड) टाकूनच चढायचं.