धरण फुटलंय, पुढे पाठवा!

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं. (ताईंनी मुंबईत मराठी दैनिकांच्या डेस्कवर उपसंपादक म्हणून काम केलं आहे.)

ताई, पाऊस सुरू झाला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका सुटतात. परवा त्यांनी टाकलं, 'तानसा धरणाचे दरवाजे उघडले, रात्री बारापर्यंत पाणी परळ-लालबागमध्ये घुसणार, पुढे पाठवा.' तळमजल्यावरच्या लोकांनी गाद्या माळ्यावर चढवल्या. काका वयाने मोठे, एके काळचे सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांना गप्प कसं करायचं? – एक वाचक, परळ

गप्प करू नका, कामाला लावा. पण आधी त्या धरणाचं बघू.

तानसा शहापूर तालुक्यात. तिथून सोडलेलं पाणी तानसा नदीतून वैतरणेला मिळतं आणि वैतरणा पालघर जिल्ह्यात समुद्राला मिळते. त्या पाण्याला परळला यायचं झालं तर विरारहून लोकलच पकडावी लागेल. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी शहराच्या हद्दीत दोनच आहेत, विहार आणि तुळशी. विहार भरून वाहू लागला की ते पाणी मिठी नदीत जातं, पवईचंही तिकडेच. तेव्हा काळजी करायचीच असेल तर ती कुर्ल्याला, मिठीच्या काठावर राहणाऱ्यांनी करायची. तुमच्याकडे हिंदमाताला तुंबतं ते वरून पडलेलं पावसाचं पाणी. समुद्राला मोठी भरती असली की त्याला बाहेर जायला वाट मिळत नाही. एवढा भूगोल माहीत असला की तो मेसेज पहिल्या ओळीतच आडवा होतो.

आवई पसरायला मोबाइल लागतो असं मात्र समजू नका. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी देशभर पोचली ती साध्या टेलिफोनवरून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगरात धरण फुटलं, त्सुनामी आली, अशी हाकाटी झाली. चेंगराचेंगरीत माणसं मेली. व्हॉट्सअ‍ॅपचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मग बदललं काय? तेव्हा आवई छापून यायची तर वाटेत कुणीतरी बसलेलं असायचं. डेस्कवर फोन यायचा, 'धरण फुटलंय, तुम्हाला पत्ता आहे का?' पालिकेच्या नियंत्रण कक्षाला फोन लावायचा, मग पोलिसांना. दोन्हीकडून 'असं काही नाही' आलं की बातमी टेबलावरच मरायची. न छापलेल्या बातम्यांचा पगार मिळत नाही, पण आमचं निम्मं काम तेच होतं. आता ते काम तुमच्या काकांच्या अंगठ्याकडे आलंय, आणि अंगठ्याला ते कुणी सांगितलेलं नाही.

हे नुसतं गाद्या उचलण्यावर थांबत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या भागात फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून, खूप हातांतून फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येतो. त्याच्या डोक्यावर दोन बाण दिसतात. दोन बाण म्हणजे शिळा माल, असं काकांना सांगा.

आणि काकांना ग्रुपचे आपत्ती-प्रमुख नेमा. रीतसर, सगळ्यांसमोर. पावसाचा कुठलाही मेसेज आला की आधी त्यांनी १९१६ लावायचा, हा पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर. काय उत्तर मिळालं ते वेळेसकट ग्रुपवर लिहायचं. व्हिडिओ आला तर त्यातल्या एका चित्राचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये टाकायचा. मरीन ड्राइव्हच्या नावाने फिरणारी लाट भलत्याच देशातली निघाली की त्यांनाच मजा येईल. सेक्रेटरीपद भूषवलेला माणूस आहे, हुद्दा मिळाला की काम चोख करणार.

ताई, माझे सासरे रात्री वारले. यजमानांनी घरच्या ग्रुपवर 'बाबा गेले' एवढं टाकलं. नणंद तेव्हा गाडीत होती, पुण्याहून येत होती. तिने ते ग्रुपवर वाचलं. आता ती भावाशी बोलत नाही. हल्ली सगळे असंच कळवतात ना? – एक वाचक, मुलुंड

सगळे कळवत असतील. नणंदेचं बरोबर आहे.

सख्ख्यांना फोन, बाकीच्यांना मेसेज. फोन मुलानेच करायला हवा असंही नाही, त्या वेळी त्याला बोलवतही नाही. चुलतभाऊ असतो, शेजारी असतो, त्याच्या हातात चार नंबर द्यायचे आणि ते चार फोन झाल्याशिवाय ग्रुपवर अक्षर टाकायचं नाही. गाडीतल्या माणसाला फोन करताना शेजारी कोण आहे ते आधी विचारावं. ही पद्धत तारेच्या काळातही होती. तार आली की वाचून दाखवणारा आधी घरातलं वडीलधारं माणूस शोधायचा. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, शहाणपण बंद व्हायचं कारण नव्हतं.

आता मेसेजबद्दल, कारण तोही तुम्ही एकदा नीट लिहायला हवा होता. पेपरातली निधनवार्ता लोकांना रुक्ष वाटायची. पूर्ण नाव, वय, कुठे राहायचे, कुठून निवृत्त झाले, 'पश्चात पत्नी, मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडं असा परिवार', अंत्यविधी किती वाजता, कुठे. या साच्यात भावना नसायची, पण वाचणाऱ्याला एकही प्रश्न उरायचा नाही. 'बाबा गेले' आणि खाली जोडलेले हात, एवढ्याने काय होतं? 'कुणाचे बाबा?' 'कधी?' 'आणणार आहेत की तिथूनच नेणार?' घरात प्रेत असताना यजमान तासभर ही उत्तरं टंकत बसले असतील. पूर्ण नाव लिहावं, घरून किती वाजता निघणार ते लिहावं, आणि स्मशानभूमी पूर्वेची की पश्चिमेची तेही. मुंबईत या एका शब्दावाचून लोक फाटकाच्या भलत्या बाजूला उभे राहतात.

मग ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त अ‍ॅडमिननेच मेसेज टाकावा असं एक दिवसापुरतं करून ठेवायचं. म्हणजे सकाळी सहाला कुणाचं तरी गुलाबाचं फूल आणि 'शुभ प्रभात' त्या बातमीखाली येऊन पडत नाही.

राहिली नणंद. यजमानांना तिच्या घरी पाठवा. त्यांनी 'सॉरी ताई' असा मेसेज केला तर मला पुन्हा पत्र लिहू नका.

ताई, मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका न्यूज पोर्टलवर इंटर्नशिप करते. दिवसाला पंधरा-वीस बातम्या कराव्या लागतात. सरळ मथळा दिला की सर म्हणतात, 'क्युरिऑसिटी नाही, मथळ्यात "नेमकं काय घडलं?" हे शब्द टाक.' यंत्राकडूनही (एआयकडून) मजकूर लिहून घेतात. ही पत्रकारिता आहे का? – एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

तुझ्या सरांचं गणित आधी समजून घे, मग त्यांच्याशी भांड.

'रविवारी दादर ते माटुंगा मेगाब्लॉक, धीम्या गाड्या जलद मार्गावर.' हा आमचा मथळा. वाचला, माणूस निघाला. 'रविवारी लोकलने बाहेर पडताय? थांबा! आधी ही बातमी वाचा.' हा तुमचा. आमचा सांगतो, तुमचा लपवतो. याचं कारण असं की पेपर सकाळी एकदाच, अख्खा विकला जायचा. त्यात मेगाब्लॉकची चौकट कुणी वाचली काय आणि नाही वाचली काय, गल्ल्यात फरक पडत नव्हता. पोर्टलवर प्रत्येक बातमी सुटी विकायची असते. ती उघडली गेली तर जाहिरात दिसणार, जाहिरात दिसली तर पैसे. मथळ्यातच उत्तर मिळालं तर उघडतो कोण? त्यातून भिंतीवर तो पडदा, या क्षणी कुठली बातमी किती जण वाचतायत ते दाखवणारा. नाटकवाला जसा विंगेतून थिएटर किती भरलंय ते बघतो तसं तुमचं डेस्क दिवसभर तिकडे बघत बसतं. शिवाय लोक गुगलला विचारतात 'उद्या शाळा बंद आहेत का', म्हणून मथळाही प्रश्नाचाच.

आम्ही सगळे साधूसंत होतो, असं समजू नकोस. स्टेशनाबाहेर सांजदैनिकवाले काय काय ओरडायचे ते तुझ्या आजोबांना विचार. पण एक गोष्ट कागदाला जमत नव्हती, ती म्हणजे छापलेलं गुपचूप बदलणं. चार ठार छापलं आणि दोन जखमी निघाले तर दुसऱ्या दिवशी 'खुलासा' छापावा लागायचा. आतल्या पानावर, बारीक टायपात, मान खाली घालून, पण लागायचा. पोर्टलवर सकाळच्या चार ठारचे दुपारी दोन जखमी होतात, लिंक तीच, आणि सकाळी वाचून घाबरलेल्या माणसाला ते कधीच कळत नाही. मला 'नेमकं काय घडलं'पेक्षा याचा जास्त राग येतो. मथळा फार तर वाचकाचा वेळ खातो. हे त्याला खोट्या बातमीसकट घरी पाठवतं.

तेव्हा मथळ्यावर तडजोड कर, जागा आणि वार मात्र सोडू नकोस. 'दादर-माटुंगा मेगाब्लॉक: रविवारी कोणत्या गाड्या कुठे थांबणार?' यात सरांचा प्रश्नही आहे आणि कल्याणच्या माणसाला आपला संबंध आहे की नाही हेही कळतं. आकडा बदललास तर बातमीच्या तळाशी एक ओळ टाक: आधी अमुक म्हटलं होतं, अमुक वाजता दुरुस्त केलं. त्या ओळीला सर हरकत घेणार नाहीत, कारण ती कुणी वाचणार नाही असं त्यांना वाटेल.

यंत्र मराठी बरं लिहितं. फक्त त्याने लिहिलेल्या बातमीत अपघाताच्या जागी कोण गेलं होतं, पोलिस ठाण्यात कुणाशी बोलणं झालं, एवढं विचारत जा. उत्तर 'दुसऱ्या पोर्टलवर होतं' असेल तर त्या पोर्टलने कुठून घेतलं तेही शोध. बऱ्याचदा तीन-चार उड्यांनंतर एका ट्विटशी येऊन थांबशील. आणि पंधरा-वीसमधली एक बातमी रोज स्वतः फोन करून कर, कितीही फुटकळ असू दे. नोकरी मागायला जाशील तेव्हा त्याच दाखवायला उरतील.

ताई, माझा नातू मला मराठीतच मेसेज करतो, पण इंग्रजी अक्षरांत. 'आजी जेवलीस का' वाचायला मला दोन मिनिटं लागतात. तो म्हणतो मराठी टाइप करणं कटकटीचं आहे. – एक आजी, गिरगाव

आजी, कटकट होती, हे खरं. आमच्याकडे संगणक आले तेव्हाचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मुखवटे. आमच्याकडची फाइल दुसऱ्याकडे उघडली आणि तिथे तो फाँट नसला की अख्खा अग्रलेख चिन्हांचा कचरा होऊन पडायचा. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि तो प्रकार मिटला. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. आपल्या खिशात पोचायला वेळ लागला इतकंच.

नातवाच्या फोनवर मराठी कीबोर्ड लावायला एक मिनिट पुरतं. त्याने इंग्रजी अक्षरंच दाबायची, उमटतं देवनागरी. त्याचीही कटकट वाटली तर माइक दाबून बोलायचं. गुगलचं बोलून टंकन २०१७ पासून मराठीत आहे. पुण्याच्या मराठीपेक्षा गिरगावची त्याला कमी कळते असा मला संशय आहे, पण 'जेवलीस का' नक्की कळतं.

एक खोड मात्र त्याला आधीच सांगा. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यातला आडवा अर्धा र फोनवर नीट आला नाही की 'दुसर्या' होतो, रफार डोक्यावर चढतो. संगणकावर इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड वापरत असेल तर शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो, मग हलन्त, मग य. मोठमोठ्या पोर्टलांवर आणि दुकानांच्या पाट्यांवरही हा र चुकतो, त्यामुळे नातवाला जमला तर पाठ थोपटा.

रोमनमधल्या मराठीने भाषा बुडेल म्हणून घाबरू नका. मुंबईत ६ जानेवारी १८३२ ला निघालेल्या 'दर्पण' या वृत्तपत्राच्या पानावर मराठी नि इंग्रजी स्तंभ शेजारीशेजारी असायचे. नातवाला देवनागरी शिकवायची ती भाषेसाठी नाही, तुमच्या डोळ्यांसाठी. असं सांगितलंत तर तो ऐकेल.

ताई, सासूबाई रोज सात-सात मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतात. ऑफिसात ऐकता येत नाहीत, नाही ऐकले तर रुसतात. – एक वाचक, भांडुप

गाडीत ऐका, भांडुप ते सीएसएमटी बराच वेळ मिळतो. मेसेज सुरू केला की बाजूला १ असं दिसतं. ते दाबलं की दीडपट, पुन्हा दाबलं की दुप्पट वेगाने सासूबाई बोलतात. इयरफोन मात्र लावा, शेजारच्या बाईला तुमच्या घरच्या भाजीचा हिशेब नको असतो. आणि उत्तरात मेसेजच्या शेवटी शेवटी आलेल्या एखाद्या गोष्टीचा उल्लेख करा. सुरुवातीचं ऐकलंत हे त्या गृहीत धरत नाहीत.