लगनाक्विला: पहिल्या खेपेला कोणती वाट धरावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : डब्लिनला येऊन सहा महिने झाले आहेत, सह्याद्रीतले दहा-बारा ट्रेक गाठीशी आहेत, मे महिन्यात चार मित्रांसह आयर्लंडमधल्या ‘विकलो’ (Wicklow) डोंगरांतल्या लगनाक्विला शिखरावर जायचे आहे, तर ग्लेनमल्युअर आणि ग्लेन ऑफ इमाल या दोन खोऱ्यांपैकी कोणत्या बाजूची वाट धरावी, आणि तिथली दलदल खरोखर त्रासदायक असते का. गेली अकरा वर्षे मी या डोंगरावर निरनिराळ्या ऋतूंत जात आलो आहे. त्या अनुभवावरून उत्तर आधीच देतो : पहिल्या खेपेला ग्लेन ऑफ इमालच्या बाजूने, कामारा टेकडीवरून चढा आणि त्याच वाटेने उतरा. ग्लेनमल्युअरची वाट अधिक देखणी आहे, पण ती दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा.

कळसूबाई 1646 मीटर आणि हा डोंगर 925 मीटर, त्यामुळे हा सोपा असावा, असा अंदाज तुम्ही बांधला आहे. उंचीचा आकडा इथे फसवतो. केरी परगण्याबाहेरचे हे आयर्लंडमधले सर्वोच्च शिखर आहे आणि दोन्ही वाटांनी प्रत्यक्ष चढाई सातशे ते आठशे मीटरच्या घरात जाते. शिवाय पायाखालची जमीन वेगळी आहे. आपल्याकडचा पावसाळी चिखल हा कातळावर किंवा मुरमावर बसलेला वरवरचा थर असतो. पाय रुतला तरी वीतभर खाली काहीतरी टणक लागते. इथे डोंगराच्या अंगावर पीटची जाड गोधडी पसरलेली आहे. सततचा पाऊस, थंड हवा आणि आम्लधर्मी जमीन यांमुळे मेलेल्या वनस्पती पूर्ण कुजत नाहीत आणि त्यांचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर या संथ गतीने वाढत राहतो. हा थर बहुतांशी पाण्याचाच बनलेला असतो. स्फॅग्नम नावाचे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीस पटींपर्यंत पाणी धरून ठेवते, आणि म्हणून आठवडाभर ऊन पडले तरी ही जमीन आपल्या माळासारखी वाळत नाही. उतारावर पाणी वाहून जाते, सपाटीवर मुरते आणि साचते. त्यामुळे इथे वाट निवडताना चढ किती आहे यापेक्षा सपाट भाग किती आहे, हे आधी पाहावे लागते.

कामाराची वाट मी सुचवतो ती याच कारणासाठी. फेंटन्स या पबजवळून निघणारा रुंद, दगडगोट्यांचा रस्ता टेकडीच्या सोंडेवरून चढत जातो, आणि सोंडेवर पाणी थांबत नाही. टेकडीचा माथा ओलांडल्यावर मधल्या खोलगट भागात थोडी ओल लागते, मग पुन्हा खडा चढ आणि त्यानंतर एकदम माथ्याचे पठार. जाऊन येऊन सुमारे 13 किलोमीटर होतात. तुमच्या गटाला पाच ते सहा तास पुरावेत. मात्र ही वाट सैन्याच्या तोफखाना सराव क्षेत्रातून जाते. सरावाच्या दिवशी लाल निशाणे लावलेली असतात आणि वाट बंद असते, म्हणून सैन्याकडून जाहीर होणाऱ्या सरावाच्या तारखा निघण्यापूर्वी जरूर तपासा. मोकळ्या दिवशीही ठरलेली वाट सोडू नका आणि जमिनीवर पडलेल्या कोणत्याही धातूच्या वस्तूला हात लावू नका. याच खोऱ्यात 1941 साली सुरुंगाच्या प्रशिक्षणादरम्यान झालेल्या स्फोटात 16 सैनिक मृत्युमुखी पडले, आणि न फुटलेले तोफगोळे आजही या जमिनीत असू शकतात. आडवाटेने उतरून बघू, ही आपली सह्याद्रीतली सवय इथे पूर्णपणे बाजूला ठेवावी लागते.

आता ग्लेनमल्युअर. गाडी बॅरावोरपर्यंत जाते. तिथे अव्हनबेग नदीवरचा पादचारी पूल ओलांडून, जंगलखात्याच्या रस्त्याने तुम्ही फ्रॉहन रॉक ग्लेन या अरुंद दरीत शिरता. ‘फ्रॉहन’ हे तिथल्या बिलबेरीचे आयरिश वळणाचे नाव; उन्हाळ्याच्या उत्तरार्धात उतारावर ही जांभळी फळे पिकतात आणि आपल्या करवंदांच्या जाळीची आठवण होते. दरीच्या वरच्या टोकाशी मोठा ओढा कड्यावरून खाली झेपावतो, त्याच्या कडेने चढ आहे. इथवर सगळे उत्तम असते. धबधब्याच्या वर मात्र एक टांगलेले खोरे (खालच्या दरीपेक्षा बरेच उंचावर राहिलेले खोरे) लागते, त्यात वाट अशी राहतच नाही, आणि पठाराच्या उतारापर्यंत सगळा दलदलीचा पट्टा आहे.

त्या पट्ट्यात एका ऑक्टोबरमध्ये माझ्यावर जो प्रसंग आला तो तपशिलाने सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यात आहे. दोन दिवस पाऊस झाला होता, ढग खाली आले होते. समोर काळ्या पीटचे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये नुकत्याच कापलेल्या हिरवळीसारखा गुळगुळीत, पोपटी तुकडा होता. मला तो सपाट आणि म्हणून सोयीचा वाटला. डावा पाय टाकला आणि तो मांडीपर्यंत आत गेला. तळ लागलाच नाही. मी पाय सरळ वर ओढू लागलो, तेव्हा गाळाने बूट असा धरला की नुसते मोजे निसटू लागले. माझ्या सोबत्याने पाठपिशवीच्या पट्ट्यांना धरून मला पुढच्या गवतावर आडवे केले. मग मी टाच हळूहळू गोल फिरवत राहिलो, बुटाभोवती हवा शिरली, ‘भस्’ असा आवाज झाला आणि पाय सुटला. खड्ड्यात भरलेले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे होते आणि इतके थंड, की पंधरा मिनिटांत बोटांची जाणीव गेली. उरलेले चार तास मी ओल्या पायांनी चाललो. त्या दिवशी एकटा असतो, तर प्रकरण कुठवर गेले असते याचा विचार मी आजही करतो.

म्हणून कोणत्याही वाटेने गेलात तरी रंग वाचायला शिका. पोपटी किंवा लालसर शेवाळाचा गुळगुळीत गालिचा म्हणजे पाणी. मे-जूनमध्ये कापसाच्या पांढऱ्या बोंडांसारखे झुबके डुलताना दिसतील, ते सुंदर असतात, पण तीही ओल्या जमिनीची खूण. हेदरची तपकिरी-जांभळी झुडपे आणि बिलबेरीची झाडोरी जिथे दिसेल, तिथे जमीन तुलनेने निचऱ्याची. काठी असेल, तर पाऊल टाकण्यापूर्वी ती खोचून पाहा. घोट्याच्या वर येणारे जलरोधक बूट, गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची आवरणे) आणि लोकरीच्या मोज्यांचा एक जास्तीचा जोड, एवढे प्रत्येकाकडे हवेच. आपल्याकडे चालणारे पातळ ट्रेकिंगचे बूट इथे तासाभरात भिजतात.

दलदलीपेक्षाही मला काळजी वाटते ती माथ्यावरच्या धुक्याची. पर्सीज टेबल या नावाने ओळखले जाणारे हे पठार विस्तीर्ण, गवताळ आणि जवळजवळ सपाट आहे. ढगात ते चहूकडून सारखेच दिसते, आणि त्याच्या कडेला हिमयुगात कोरलेले दोन मोठे कडे आहेत : नॉर्थ प्रिझन आणि साऊथ प्रिझन. चढताना दिशा चुकली, तर माणूस डोंगरावरच राहतो. उतरताना चुकली, तर कड्यावर जातो. माथ्यावरच्या दगडांच्या राशीपाशी पोचताच, हवा स्वच्छ असली तरी, परतीची दिशा कंपासवर लावून ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या सरकारी नकाशामालेतला 56 क्रमांकाचा कागदी नकाशा जवळ हवा, कारण थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते आणि दऱ्यांमध्ये नेटवर्कचा भरवसा नसतो. अपघात झाल्यास 112 किंवा 999 वर ‘माउंटन रेस्क्यू’ मागावी.

आणखी एक विनंती, आणि ती मनापासून आहे. ओला तुकडा आला की आपण कडेकडेने जातो, मागचा त्याच्याही बाहेरून जातो, आणि बघता बघता दोन फुटांची वाट वीस फुटांची काळी जखम होते. एक मीटर पीट साचायला साधारण हजार वर्षे लागतात. बूट भिजले तरी चालतील, पण मळलेल्या वाटेच्या मधूनच चाला. मे महिन्यात सूर्य रात्री नऊच्या सुमारास किंवा त्यानंतर मावळतो, त्यामुळे घाई करून आडवे जाण्याची गरजही पडणार नाही. तारीख नक्की झाली की कळवा; त्या आठवड्यातला पाऊस पाहून कामाराच्या मधल्या ओल्या भागाविषयी आणखी नेमके सांगता येईल.