जुन्या मेटल डिटेक्टरने नाशिकजवळच्या शेतात जुनी नाणी सापडतील का?
सापडतील, पण आपली बेसाल्टची काळी जमीन जुन्या यंत्राला फार छळते. मातीतल्या लोहखनिजामुळे रिकाम्या जागीही कुरकुर ऐकू येते. आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, उतरवा. मग कॉइल, म्हणजे यंत्राची खालची चकती, जमिनीजवळ वर-खाली करत, आवाज स्थिर होईपर्यंत ग्राउंड बॅलन्सचं (मातीचा आवाज दाबणारं) बटण फिरवा. कॉइल दोन्ही दिशांनी फिरवून तोच स्वच्छ आवाज आला तरच खणा.

१९०६ साली इथल्याच जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला! म्हणून कळकळीने सांगतो, सापडलेलं नाणं घासू नका, ठसाच जातो. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित जागी यंत्र नेऊच नका. आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा निघाला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.