वनव्यवस्थापन प्रकल्पाचे पर्यावरणीय मूल्यांकन: नवोदितांसाठी सल्ला

मूल्यांकनाची सुरुवात तोडायच्या झाडांच्या यादीपासून न करता, प्रकल्प राबवलाच नाही तर त्या जंगलाचे काय होईल, या प्रश्नापासून करावी. कारण दाट वाढीमुळे आणि साचलेल्या पालापाचोळ्यामुळे वणव्याचा धोका वाढत असेल, तर ‘काहीच न करणे’ या पर्यायाचेही परिणाम मोजावे लागतात. आपले लक्ष साहजिकच वृक्षतोडीवर खिळेल. प्रत्यक्षात ओढ्यांत जाणारा गाळ पुष्कळदा तोडीपेक्षा लाकूड वाहतुकीच्या कच्च्या रस्त्यांवरून येतो, म्हणून केवळ नकाशावर समाधान न मानता ते रस्ते भर पावसात पायी पाहावेत (बूट खराब होतील, त्याला इलाज नाही). पक्ष्यांच्या नोंदी विणीच्या हंगामात घ्याव्यात. शेजारची जुनी तोड आणि चराई यांचा एकत्रित परिणामही तपासावा.